रोस्टरवरचे आणि फोनवरचे

मुंबईत उतरलेली एअरबस धावपट्टी सोडून टर्मिनल दोनकडे वळते. तिच्या मागोमाग उतरलेलं छोटं बिझनेस जेट कलिन्याच्या बाजूला, जनरल एव्हिएशनकडे जातं. एअरबसचा कमांडर बंद दाराआड पुढच्या फेरीचे कागद बघत असतो. मागून दीड-पावणेदोनशे माणसं उतरून जातात, त्यांतला एकही चेहरा त्याला दिसलेला नसतो. तिकडे जेटचा को-पायलट स्वतः दार उघडतो, साहेबांची बॅग गाडीत गेली का ते बघतो, सीटवर पसरलेले पेपर गोळा करतो आणि थर्मासमधली उरलेली कॉफी ओतून टाकतो. लायसन्स मात्र दोघांनाही डीजीसीएनेच, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेच, दिलेलं असतं.

बारामती, धुळे, गोंदिया इथल्या फ्लाइंग स्कूलमधून २०० तास पुरे करून बाहेर पडलेल्या पोराला विचारलं, की एअरलाइन की कॉर्पोरेट, तर तो हसतो. पन्नासेक लाखांचं कर्ज डोक्यावर आणि बापाची जमीन बँकेकडे असताना निवड कसली? ज्याचा फोन आधी येईल, तिकडे जायचं. खरा प्रश्न पुढे पडतो, तासांचा हिशेब मांडायला बसलं की. एटीपीएल म्हणजे कप्तानकीचं मोठं लायसन्स, त्याला १५०० तास लागतात. एअरलाइनमध्ये वर्षाला १००० तासांची कायदेशीर मर्यादा आहे, आणि व्यस्त मार्गांवरचे वैमानिक तिच्या बरेच जवळ जातात. मालकाचं विमान मालकाला काम असेल तेव्हाच उडतं. लॉगबुक भरायला तिथे दुप्पट वर्षं सहज जातात.

शिवाय एअरलाइनमध्ये कप्तानाच्या खुर्च्या वाढतायत. एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, तर इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० ची. हे आकडे पाहून घरचे निर्धास्त होतात. होऊ नये. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर बसली, गो फर्स्ट २०२३ मध्ये. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला अमृतसरहून मुंबईला आलं. एअरलाइनमध्ये ज्येष्ठतेच्या यादीतला नंबर हीच खरी कमाई, आणि कंपनी बुडाली की तो नंबरही बुडतो. दुसऱ्या कंपनीत पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. त्यातून राजीनामा द्यायचा म्हटलं तर कमांडरला वर्षभराची नोटीस.

एअरलाइनवाल्याचं आयुष्य रोस्टरवर चालतं. गणपतीत घरी असणार की रांचीच्या हॉटेलात, ते रोस्टर सांगतं. त्याला शिव्या सगळेच देतात, पण ती भिंतही आहे. डीजीसीएच्या नव्या नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. त्या नियमांसाठी पुरेसे वैमानिक रोस्टरवर नसले की काय होतं, ते डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोच्या प्रवाशांनी पाहिलं. ५ तारखेला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. प्रवाशांचे हाल झाले, हे खरंच. पण दमलेल्या माणसाने उडायचं नाही, हे सांगायला वैमानिकाच्या मागे निदान छापील कागद असतो.

बिझनेस जेटवाल्याच्या नशिबी फोन. नियम त्यालाही आहेत. पण ते पाळायची वेळ येते तेव्हा समोर कंपनीचा ऑपरेशन विभाग नसतो, साहेब असतात. मराठवाड्यातली एखादी धावपट्टी घ्या. नाइट लँडिंगची सोय नाही, बाजूला विंडसॉक फडफडतोय. सूर्यास्त सहा वाजून चार मिनिटांनी. साहेबांची सभा चारला सुरू व्हायची होती, ती पाचला सुरू झाली. साडेपाचला कप्तान पीएला फोन लावतो. ‘झालंच, शेवटचं भाषण.’ पावणेसहाला पुन्हा तेच उत्तर. सहाला धुरळा उडवत गाड्यांचा ताफा येतो आणि खाली उतरलेला माणूस घड्याळाकडे नाही, कप्तानाकडे बघतो. या नोकरीचा पगार खरा त्या दोन मिनिटांचा असतो.

३० सप्टेंबर २००१ ला काँग्रेसचे नेते माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. खराब हवेत मैनपुरीजवळ त्यांचं किंग एअर विमान कोसळलं आणि विमानातले आठही जण गेले. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात, तेही पावसाळी हवेतच. त्या कॉकपिटांत काय बोलणं झालं असेल, यावर तर्क लढवू नये. पण सभेची वेळ आणि आभाळ यांचं जमत नाही, हे छोट्या विमानाच्या प्रत्येक कप्तानाला ठाऊक असतं.

तरीही काही जण एअरलाइन सोडून तिकडे जातात, आणि ते वेडे नसतात. मुंबई-नागपूर-मुंबई-इंदूर-मुंबई असं दिवसाला चार-चार वेळा चढून-उतरून माणूस विटतो. जेटवर आज जामनगर, उद्या माले, परवा कधी नाव न ऐकलेली पट्टी. परवानग्या, स्लॉट, पार्किंग, इंधन सगळं स्वतः बघावं लागतं आणि त्यातून धंदा आतून कळतो. मग आठवडाभर फोन वाजत नाही, पोरीला शाळेत सोडता येतं. ज्याचा मालक समजूतदार, त्याच्यासारखा सुखी वैमानिक शोधून सापडणार नाही.

म्हणून कर्ज असलेल्या पोराने आधी एअरलाइनमध्ये तास भरावेत, एटीपीएल खिशात घालावं, मग वाटलं तर कलिन्याचं गेट गाठावं. तिथे मुलाखतीला गेल्यावर पगार, विमानाचं मॉडेल, परदेश दौरे हे सगळं जरूर विचारा. त्याआधी मात्र तिथल्या जुन्या कप्तानाला बाजूला घेऊन चहा पाजा आणि विचारा, हवा खराब म्हणून शेवटचं उड्डाण कधी रद्द केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी साहेब काय म्हणाले.