पारव्याची पट्टी

2 जुलै
वाचनालयातून फोन. 13 ऑगस्टला बालकवींचा जन्मदिवस. त्यांच्या कविता गाऊन दाखवायचा कार्यक्रम करायचाय. "चाली तुम्ही लावा ताई, गायला मुली आहेतच."
हो म्हटलं. पोळ्या होईपर्यंत ते शेवटचं वाक्य डोक्यातून गेलं नाही.

3 जुलै
यादी केली. 'फुलराणी', 'निर्झरास', 'औदुंबर'. 'श्रावणमास' शाळेतली मुलं म्हणतील, त्यांच्या चालीवर. तिला हात लावायचा नाही, लोक मारतील. 'पारवा' मी घातली. वाचनालयाचे सचिव म्हणाले, फार उदास आहे हो. म्हटलं, असू द्या एक.

4 जुलै
सचिवांचा परत फोन. परवानगीचं काय? कवी गेल्यावर 60 वर्षं हक्क असतो, बालकवी 1918 ला गेले, प्रश्नच नाही. मग म्हणाले, जोडीला आरती प्रभूंच्या एक-दोन घेऊ. ते गेले 1976 ला. म्हणजे 2036 संपेपर्यंत घरच्यांना विचारायला हवं. तो विषय तिथेच मिटला.

6 जुलै, आषाढी
उपास. साबुदाणा चिकट झाला.
दुपारी पेटी काढली. दमट हवेनं दोन पट्ट्या बसल्यात, उठतच नाहीत. एक सूर आपला आपण वाजत राहतो. स्क्रू काढून पट्टीच्या कडा पुसल्या, जरा घासल्या. बरी झाली.
'पारवा'च्या मात्रा मोजल्या. 9 आणि 10. दिंडी वृत्त. आजच नेमकी दिंडी! किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त साक्या आणि दिंड्याच दिंड्या आहेत, पण ती नाटकातली चाल इथे नको. तिला मांडव लागतो.

7 जुलै
एका ओळीत 19 मात्रा. केहरव्यात बसत नाही. रूपकात नाही. झपतालात 20 होतात, एक मात्रा उरते आणि ती एक मात्रा खड्यासारखी लागते.

8 जुलै
पतसंस्थेत काउंटरवर बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होते. समोर केळीवाले आबा पासबुक घेऊन उभे. "व्याज चुकलं का ताई?"

10 जुलै, गुरुपौर्णिमा
सरांच्या फोटोला हार घातला. दर वर्षी घालते. सरांकडे पेटी शिकले, गाणं नाही. सर म्हणायचे, तुझ्या बोटांत सूर आहे. गळ्याविषयी काही बोलायचे नाहीत.
सुचलं! दादरा. पहिल्या 9 मात्रांना 3 ची भर घालायची, पुढच्या 10 ना 2 ची. बारा आणि बारा. एका ओळीला दादऱ्याची चार आवर्तनं. भर म्हणजे रिकामी जागा. तिथे तबला एकटाच चालेल.
रात्री साडेबाराला पेटीवर हे वाजवून बघितलं. ह्यांनी उशी कानावर घेतली.

11 जुलै
घोटाळा आहे. यती, म्हणजे ओळीतला थांबा, नऊ मात्रांवर. पहिल्याच ओळीत नऊ मात्रा भरतात त्या 'कलथून' या शब्दाच्या मधोमध. दुसऱ्या ओळीत 'उद्ध्वस्त'च्या पोटात. चौथीत 'एकान्त' तुटतो. चारांपैकी फक्त तिसरी ओळ शाबूत, ज्यात पारवा कौलावर बसलाय ती. आणि मी नेमकं त्याच जागी तीन मात्रांचं भगदाड पाडून ठेवलंय.

12 जुलै
मींड घेऊन भगदाड बुजवलं. 'उद्ध्वस्त'च्या 'उ'वर सूर लांबवायचा, हळूच खाली आणायचा, तुटलं ते कळत नाही. गोड लागतं. शिवरंजनी धरली आहे. कोमल गांधारावर आलं की आपोआपच घसा दाटतो.

13 जुलै
भाची आली. तिची पट्टी काळी चार. दोनदा ऐकून उचललं. काय गळा आहे पोरीचा. माझी चाल तिच्या गळ्यातून आली की मला माझी वाटत नाही, कुणा मोठ्या माणसाची वाटते. आजवर लावलेल्या सगळ्या चालींचं असंच. लावायच्या, द्यायच्या, विंगेत पेटीवर बसायचं.

15 जुलै
काही नाही. ऑफिसात ऑडिट.

16 जुलै
ऑडिट. पाऊस नाही. उकाडा मे महिन्यासारखा.

18 जुलै
हेल्मेट घालून गाते. जाता-येता. आतल्या आत घुमतं, बाहेर कुणाला ऐकू जात नाही. सिग्नलला तोंड बंद.

20 जुलै
तालमीला नाना आले. एसटीतून निवृत्त झाल्यापासून नाना पूर्णवेळ तबलजी. भाचीनं 'पारवा' गायली. शेजारच्या वहिनी ओढणीनं डोळे पुसत होत्या. नाना काही बोलेनात. तबल्यावर कापड टाकताना म्हणाले, "पोरगी छान गाते ताई. पण कवितेत कुणीच छान गात नाहीये."
राग आला. आपण चहा केला, खारी आणली, वर हे.

21 जुलै
नानांचं बरोबर आहे. पडक्या धर्मशाळेच्या कौलावर एक पारवा बसलाय, त्याचं गाणं नीरस आहे असं कवीच सांगतोय. आणि आम्ही त्याला मुरक्या दिल्यात.

22 जुलै
ऑफिसच्या एसीच्या बाहेरच्या डब्यावर पारव्यांची जोडी. आज जेवणाच्या सुट्टीत डबा हातात धरून ऐकत उभी राहिले. दोन-तीन सुरांपलीकडे जात नाही तो. वर चढत नाही. छातीतून येतं, चोच उघडलेलीसुद्धा दिसत नाही. गळा फुगतो फक्त. मधेच थांबतो, पुन्हा तिथूनच धरतो.
शिपाई म्हणाला, घाण करतात मॅडम, जाळी लावून घेऊ. म्हटलं, ऑगस्टनंतर.

23 जुलै
कोमल गांधार काढून टाकला. त्या जागी मध्यम. सा रे म प ध. शिवरंजनीची दुर्गा झाली. गांधार नाही, निषाद नाही, रडायला जागाच नाही. एकदम कोरडं झालं. हे बरोबर आहे.
मींडही काढली. शब्द तुटतो तिथे तुटू दे. धर्मशाळाच पडकी आहे.

24 जुलै
भाचीला फोनवर ऐकवलं. "मावशी, मधे एवढं थांबलं तर लोकांना वाटेल मी विसरले."

26 जुलै
यशवंत देवांचं 'शब्दप्रधान गायकी' पुन्हा काढलं. पुस्तकाच्या कडांवर माझ्याच जुन्या पेन्सिलच्या खुणा. तेव्हा काय कळलं होतं म्हणून खुणा केल्या, देव जाणे. (हे वाक्य मुद्दाम नाही.)
पूर्वी कवी स्वतःच म्हणायचे. रविकिरण मंडळातले यशवंत, गिरीश कविता गाऊन दाखवत, लोक गर्दी करत. गजाननराव वाटवे पुढ्यात पेटी घेऊन एकटे बसत आणि मैदान भरत असे. जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांड्यांच्या कवितेची तबकडी काढली ती 1932 ची, तिथून पुढे गाणाऱ्याचं नाव मोठं होत गेलं. आता कवीचं नाव निवेदक घाईत सांगतो.

27 जुलै, रविवार
ह्यांना घेऊन स्कूटरवर भादलीला. बालकवी 5 मे 1918 ला इथे रेल्वेखाली गेले. 27 वर्षांचे होते. केळीच्या बागा, रूळ, एक लांबलचक मालगाडी थांबलेली. ह्यांनी विचारलं, इथे काय बघायचंय? मलाही सांगता आलं नाही. मालगाडी हलेपर्यंत थांबलो. येताना असोद्यावरून आलो. बहिणाबाईंचं माहेर. तिला तर चाल लावायचा प्रश्नच आला नाही. जात्यावर बसली की ओवी चालीसकटच यायची. लिहायला-वाचायला येत नव्हतं, मुलानं, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं, 1952 ला अत्र्यांच्या पुढाकारानं छापलं गेलं, तेव्हा गाण्याच्या कविता झाल्या. आमचा प्रवास उलट.
असोद्याच्या रस्त्यावर हेल्मेटमध्ये गात होते. हे मागून म्हणाले, "जोरात म्हण ना, ऐकू येत नाही."
म्हणजे इतके दिवस येत होतं.

29 जुलै, नागपंचमी
पाऊस. पुरणाची दिंडं.
भाची आली, गायली, पेटीवरचा माझा हात धरून थांबवला. "खालच्या पट्टीत माझा आवाज लागत नाही. आणि वरच्या पट्टीत हा पारवा नाही वाटत गं, कोकिळा वाटते. मला फुलराणी दे." मग म्हणाली, "तूच म्हण ना. तुझाच आवाज आहे हा."
माझ्या आवाजाला ती पारव्याचा म्हणतेय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. दोघी हसलो. मी विषय बदलला. आळूवडी दिली डब्यात.

30 जुलै
फोनवर माझा आवाज ऐकणाऱ्यांना मी नेहमी 'साहेब' वाटते. "साहेब, मॅनेजर साहेबांना देता का?" दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलंय.

31 जुलै
सगळे झोपल्यावर काळी दोन धरली. मोबाइलवर रेकॉर्ड केलं. ऐकलं नाही.

1 ऑगस्ट
ऐकलं. सूर बरोबर आहेत. आवाज म्हातारा वाटतो. दुसऱ्या ओळीत श्वास घेतल्याचा आवाज येतोय, भात्यासारखा. पुसून टाकणार होते. टाकलं नाही.

3 ऑगस्ट
नानांना म्हटलं, काळी दोनमध्ये वाजवाल का? त्यांचा तबला लहान तोंडाचा, काळी चारचा. तो इतका खाली उतरत नाही, उतरवला तर ढबढब वाजतो. नानांनी 'कुणासाठी' हे विचारलं नाही. "माळ्यावर मोठ्या तोंडाचा आहे, भजनी मंडळात बुवांबरोबर वाजवायचो. काळी एकचा. गट्ठे ठोकून चढवू."

5 ऑगस्ट
माळ्यावरचा तबला आला. पुडी सादळलेली. नानांनी बल्बखाली ठेवला, तासाभरानं हातोडी घेऊन बसले. ठोकायचं, चाट वाजवायची, कान लावायचा. पुन्हा ठोकायचं. मी पेटीवर षड्ज धरून बसलेली. जुळायला वेळ लागला, पण जुळला तेव्हा मला घशात कळलं.
गायले. भिंतीकडे तोंड करून.
नाना म्हणाले, "तीन मात्रा पूर्ण घ्या. तुम्ही दोनवरच पळताय. मी आहे ना तिथे."

7 ऑगस्ट
सचिवांना नाव कळवायचं राहिलंय. पत्रिका उद्या छापायला जातेय.

8 ऑगस्ट
कळवलं. सचिव: "अरे वा! म्हणजे पेटीवर पण तुम्हीच?" हो, पेटीवर पण मीच.
दुपारपासून पोटात गोळा. ओवा खाल्ला.

9 ऑगस्ट, राखी
भाऊ आला. पत्रिका बघून म्हणाला, छापताना चुकलंय वाटतं, गायिकांत तुझं नाव आलंय.
नारळीभात छान झाला होता.

10 ऑगस्ट
सिग्नलला गाणं थांबवलं नाही. शेजारच्या रिक्षातल्या बाईनं मान वळवून पाहिलं. मीही पाहिलं. हिरवा पडला.

12 ऑगस्ट
रंगीत तालीम. माईक आला की माझी मान मागे जाते. ध्वनीवाला मुलगा येऊन माईक पुढे सरकवतो, मी मागे सरकते. शेवटी खुर्चीची पाठ आडवी आली.
आवाज बसल्यासारखा. हळद-दूध. हे म्हणाले, तुझा बसलेला आणि उठलेला ओळखायचा कसा?

13 ऑगस्ट, रात्री
लिहून ठेवते, उद्या वेगळं वाटेल.
सभागृह बरंचसं भरलेलं. निवेदिकेनं 1907 सांगितलं. इथेच, जळगावला, पहिलं कविसंमेलन. कोवळ्या वयाच्या त्र्यंबक ठोंबऱ्यांनी कविता म्हटल्या आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं. मुलांनी 'श्रावणमास' उडवून दिली. भाचीच्या 'फुलराणी'ला वन्स मोअर. त्याच्यानंतर मी. असा क्रम कुणी लावला? मीच.
पहिली ओळ. शब्द तुटला. एक, दोन, तीन. तबला चालू. पुढच्या रांगेत धोतरातले एक आजोबा होते, हातात काठी, त्यांची भुवई वर गेली. दुसरी ओळ. 'उद्'वर थांबले. एक, दोन,
"ध्वस्त!" आजोबा. मोठ्यानं. मदत म्हणून.
सगळं सभागृह हललं. नानांचा हात थांबला नाही. तिसरी मात्रा गेली आणि मी समेवर 'ध्वस्त' घेतलं. घेताना हसू आलं होतं मला, ते सुरात गेलं असणार. तिसरी ओळ तर सलगच आहे, ती गात असताना पहिल्यांदा मान वर करून समोर पाहिलं. माईक तोंडाशी होता. कधी पुढे सरकले, माहीत नाही. चौथ्या ओळीत पुन्हा तुटलं. आजोबांनी काठीवर हनुवटी टेकवली होती. या वेळी बोलले नाहीत. बोटांनी मात्रा मोजत होते.
नंतर भेटायला आले. "मला वाटलं विसरलात. मी शाळामास्तर होतो, सवय." मग म्हणाले, "दिंडीची यती गाण्यात अशी उघडी ठेवलेली पहिल्यांदाच ऐकली. चाल कुणाची?"
"माझी."

14 ऑगस्ट
पतसंस्थेत दोघांनी विचारलं, घसा बसलाय का मॅडम. नाही, असाच आहे.
शिपायाला जाळीवाल्याला फोन करू नको म्हटलं.

16 ऑगस्ट
भाचीचा फोन. कॉलेजच्या युवक महोत्सवात तिला 'पारवा' गायचंय. रेकॉर्डिंग तिच्याकडे आहेच. "काळी चारमध्ये बसवून दे ना मावशी, मुरक्या माझ्या मी टाकते."
नाही म्हटलं.
"का गं?"
"तू तुझी चाल लाव. कविता तीच आहे. 9 आणि 10, मोज."
फुगून फोन ठेवला तिनं. संध्याकाळी मेसेज: ऱ्हस्व ति च्या पुढे च्या आलं तर मात्रा किती धरायची?
एक, म्हणून कळवलं.