रमा-माधव : कागदावर आणि पडद्यावर

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नायक अर्थातच थोरले माधवराव पेशवे. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, सोळाव्या वर्षी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने त्यांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. मधली अकरा वर्षे निजाम, हैदर आणि घरचेच राघोबादादा यांना आवरण्यात सरली. संसाराच्या वाट्याला आले ते दोन मोहिमांमधले दिवस.

देसाईंनी प्रेमकथा बसवली ती याच दिवसांत. रमाबाईंविषयी अस्सल कागद फार थोडे, त्यामुळे कल्पनेला भरपूर मोकळीक होती. तरीही लेखकाने या जोडप्याला मर्यादेतच ठेवले. आदरार्थी बोलणे, भोवती दासदासी, दाराशी खोळंबलेले कारभारी. मनातले बोलायला सवड मिळते तेव्हा आजार हाताबाहेर गेलेला असतो.

गजानन जागीरदार यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसाठी ‘स्वामी’ मालिका केली. माधवराव झाले रवींद्र मंकणी, रमाबाई मृणाल देव. लढायांचा थाट दूरदर्शनच्या ऐपतीबाहेरचा; म्हणून भार दालनांतल्या संवादांवर आला. ही चणचण कादंबरीच्या पथ्यावरच पडली.

पुढे मृणाल कुलकर्णी झालेल्या याच अभिनेत्रीने २०१४ मध्ये ‘रमा माधव’ चित्रपट दिग्दर्शित केला. आलोक राजवाडे आणि पर्ण पेठे नायक-नायिका. मंकणी नानासाहेब आणि स्वतः दिग्दर्शिका गोपिकाबाई. एकेकाळचे रमा-माधव आता सासू-सासरे! हा चित्रपट ‘स्वामी’चे रूपांतर नव्हे, पण मराठी प्रेक्षक तो त्या आठवणीशिवाय पाहू शकत नाही. यात रमेचे बालपण आहे, पानिपतही आहे. पट देखणा झाला. मात्र थोरल्या रमा-माधवांना निवांत वेळ थोडाच उरला.

खरी अडचण शेवटाची. कादंबरीत सहगमन ही प्रीतीची परिसीमा ठरते, आणि शब्दांच्या आडोशाने वाचक ती सोसतो. पडद्यावर चिता प्रत्यक्ष दिसते. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातील देवराळा येथे सतीची घटना घडली, पाठोपाठ सतीच्या उदात्तीकरणाला गुन्हा ठरवणारा केंद्रीय कायदा आला. त्यानंतर हा प्रसंग रंगवणाऱ्याला रमाबाईंची निष्ठा आणि त्या प्रथेचे क्रौर्य, दोन्ही एकाच चौकटीत सांभाळावी लागतात. १९६२ च्या कादंबरीकारावर हे ओझे नव्हते.