विमान भाड्याने, पाहुणे खानदेशात

मुंबईहून जळगाव लोहमार्गाने सव्वाचारशे किलोमीटर. रात्री गाडीत निजावे, पहाटे उतरावे. मग अख्खे जेट विमान भाड्याने घ्यायचे कशाला? पण घरात गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजी असतील, तर तासाभराचे उड्डाण ही चैन राहत नाही.

भाडे ठरवताना मात्र नीट विचारून घ्यावे. विमान रिकामे परतले तरी पैसे बहुधा आपल्याच माथी, आणि थांबवून ठेवले तर त्याचेही. मग मंडळी घड्याळाकडे पाहत ६० किलोमीटरवरचे अजिंठा दोन तासांत उरकतात! त्यापेक्षा विमान परत पाठवून दोन रात्री राहावे. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या तिठ्यावर मोटार सोडून बसमध्ये बसावे लागते, जेटवाल्यांनाही. पुढच्या पायऱ्यांसाठी आजींना डोली मिळते.

धुळ्याजवळ गोंदूरलाही धावपट्टी आहे, पण तिथे शिकाऊ वैमानिकांची वर्दळ. परवानगी आधी काढावी.

जावे थंडीत. भरताची मोठी हिरवी वांगी तेव्हा भरात असतात. पऱ्हाटीच्या आगीवर भाजलेले भरीत, सोबत कळण्याची भाकरी! विमानातल्या गार सँडविचांनी पोट भरून उतरू नये.