न झालेली चोरी

'चोर सोडून संन्याशाला फाशी' म्हणतात. त्या म्हणीत निदान एक चोर तरी असतो. पण मुळात चोरीच झाली नसेल तर? ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट वाचल्यापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

तिथली गावोगावची पोस्टं बहुतेक छोटे दुकानदार चालवतात, पोस्टाशी करार करून. त्यात भारतीय वंशाचेही बरेच. १९९९ पासून त्यांच्याकडे फुजित्सूची 'होरायझन' ही संगणकप्रणाली आली आणि हिशेबात तूट दिसू लागली. पोस्ट कराराकडे बोट दाखवून म्हणे, भरा. लोकांनी कर्ज काढून भरली. अनेकांवर खटले झाले. "त्रास फक्त तुम्हालाच होतोय," असं कित्येकांना सांगितलं गेलं! सीमा मिश्रा २०१० मध्ये गरोदर असताना, मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात गेल्या.

ब्रिडलिंग्टनच्या ली कॅसलटन यांच्यावर पोस्टाने दिवाणी दावा लावला. तूट सुमारे २५ हजार पौंडांची. त्यांनी मदतीसाठी ९१ फोन केले होते. कोर्टात स्वतःच बाजू मांडली. २००७ मध्ये हरले, वर पोस्टाचा ३ लाख २१ हजार पौंड कोर्टखर्च अंगावर आला. दिवाळंच निघालं.

आमचे बाबा बँकेत कॅशियर होते. गल्ला जुळला नाही की खिशातून भरायचे, पण त्याआधी रात्री उशिरापर्यंत एकेक व्हाउचर तपासायचे. चूक सापडायची, कारण सगळा हिशेब त्यांच्या डोळ्यांसमोर असायचा. या लोकांना मात्र यंत्राच्या पोटात काय चाललंय ते बघायची सोयच नव्हती. आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करायचं, आणि पुरावा समोरच्याच्या कपाटात!

शेवटी अ‍ॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी मिळून पोस्टावरच दावा केला. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. वकील आणि दाव्याला पैसे पुरवणारे यांचं वजा जाता माणशी सुमारे २० हजार पौंड उरले.

मग मिळवलं काय? माझ्या मते, निकालपत्र. होरायझनमधल्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती आणि पोस्टमास्तरच्या नकळत बाहेरून त्याच्या हिशेबात बदल करता येत होता, हे कोर्टाने लिहून ठेवलं. त्याच्याच आधारावर २०२१ मध्ये अपील कोर्टाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली. २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका आल्यावर देश खवळला आणि संसदेने कायदा करून आणखी शेकडो शिक्षा पुसल्या. काही जण तोवर उरलेच नव्हते.

पैशाचा दावा पैशात संपतो. गावाने "चोर" म्हणून फिरवलेली पाठ मात्र कुठल्याच तडजोडीत मोजली जात नाही. म्हणून कुणी "कॉम्प्युटर तसं दाखवतोय" म्हणालं, की आधी विचारावं, "कशावरून दाखवतोय, ते दाखवा."