आजोबांची गोष्ट आणि मूळ कागद



मी निपाणीचा. सगळी नोकरी बँकेत झाली. आमचे आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. ते नेहमी सांगायचे, "बेळगावात टिळक आणि गांधी, दोघांनाही एकाच मांडवात बघितलंय मी." ते १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, असं धरून मी ही गोष्ट चाळीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलो.

गेल्या वर्षी पुतणीने गळ घातली. ती मराठी शाळेत शिक्षिका आहे. "काका, इंटरनेटवरचे जुने मूळ कागद वर्गात कसे वापरायचे, हे आमच्या शिक्षकांना शिकायचंय. तुमचा जन्म व्हाउचर तपासण्यात गेला, तुम्ही याच."

वीसेक शिक्षक, एक प्रोजेक्टर. मी सुरुवात आजोबांच्या गोष्टीनेच केली. मागच्या बाकावरच्या एक तरुण बाई हळूच म्हणाल्या, "सर, टिळक तर १ ऑगस्ट १९२० ला गेले ना?"

सगळे गप्प. माझे कान गरम झाले. एवढी वर्षं आजोबा खोटं सांगत होते की काय?

पुतणी म्हणाली, "बघूया की." गांधी हेरिटेज पोर्टलवर गांधीजींच्या समग्र लेखनाचे १०० इंग्रजी खंड स्कॅन करून ठेवलेत, तेही फुकट आणि तारीखवार. चाळता चाळता १९१६ मध्ये बेळगाव सापडलं! मुंबई प्रांतिक परिषद, आणि तिथलं गांधीजींचं भाषण. टिळकही त्या परिषदेला होते. त्यांची होमरूल लीग त्याच वेळी, एप्रिल १९१६ मध्ये, बेळगावातच स्थापन झाली. मग आठवलं, आजोबांनी साल कधी सांगितलंच नव्हतं. १९२४ मीच चिकटवलं होतं.

एक गुरुजी म्हणाले, "म्हणजे गोष्ट खरी ठरली!"

मी म्हटलं, "थांबा. दोघे तेव्हा बेळगावात होते, एवढंच जुळलं. आजोबा मांडवात होते, याचं व्हाउचर अजून नाही."

मग फळ्यावर चार प्रश्न लिहिले. कागद कुणी लिहिला? कधी? कुणासाठी? आणि त्यात काय नाही?

आपल्या सीमाभागात मुलं घरी एक इतिहास ऐकतात आणि पुस्तकात दुसरा वाचतात. बाईंनी कुणाची बाजू घ्यायची? त्यापेक्षा मूळ पान समोर ठेवावं आणि मुलांनाच विचारू द्यावं.

या दिवाळीत नातवंडांना गोष्ट पुन्हा सांगितली, साल दुरुस्त करून आणि माझी चूक कबूल करून. तीच त्यांना जास्त आवडली.

तुमच्या घरीही अशी एखादी गोष्ट असेलच. जरूर लिहा, पण साल एकदा तपासून घ्या!