एका रुपयाला नऊ रुपये

जुगार वाईट आहे हे सांगण्यासाठी आमच्या लेखाची गरज नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत आणि ते आपल्या विहारांतून अनेकदा वाचले गेले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, त्याला कोणी मुलगी देत नाही. आपल्या आयाबहिणींनी हे सारे डोळ्यांनी पाहिलेले आहे. आम्हाला आज लिहायचे आहे ते वेगळ्याच जुगाराबद्दल. पोलीस ज्याच्यावर धाड घालतात तो जुगार आपण ओळखतो. परंतु ज्याला सरकारची परवानगी आहे, ज्यावर रीतसर कर भरला जातो, ज्याची जाहिरात क्रिकेटच्या सामन्यात लागते, त्याला काय म्हणायचे?

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम. नीतीची भाषा आमच्यापेक्षा चांगली बोलणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही हा प्रश्न वहीत मांडून पाहतो.

सुरुवात मटक्यापासून करू, कारण त्याचा हिशेब सोपा आहे. सुरुवातीला मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लावला जाई. पुढे कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या काळात तो आकडा पत्ते काढून ठरू लागला. ओपन आणि क्लोज, दिवसाला दोनदा. गिरणगावात किती पगार त्यात गेले याची नोंद कुठल्या वहीत नाही. शून्य ते नऊ असे दहा आकडे. लागला तर रुपयाला नऊ रुपये. म्हणजे दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमा दहा, वाटप नऊ. एक रुपया धंदेवाल्याचा. तो कधीच हरत नाही.

आता खरी गोम पाहा. शंभर रुपये घेऊन बसलेला माणूस हाती आलेले पैसे पुन्हा पुन्हा लावत गेला, तर सरासरीने पहिल्या फेरीनंतर ९० उरतात, दुसरीनंतर ८१, दहाव्या फेरीनंतर ३५ च्या आत आणि विसाव्या फेरीनंतर १२. नशीब, कुंडली, स्वप्नात दिसलेला आकडा, कशाचाही यात संबंध नाही. माणूस बुडतो तो फेऱ्यांच्या संख्येने. आठवड्याला एक फेरी असेल तर शंभराचे पस्तीस व्हायला दहा आठवडे लागतात. दिवसाला दोन असतील तर पाच दिवस. आणि मोबाईलवर? चहा निवेपर्यंत.

सरकारी लॉटरीचेही हेच. महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. जनतेने मटक्याच्या नादी लागू नये, सरकारमान्य लॉटरी खेळावी आणि तो पैसा लोकांच्या कामी यावा, असा विचार तेव्हा मांडला गेला. सोडतीची वाट पाहावी लागे, तिकीट खिशात घडी घालून ठेवावे लागे, त्यामुळे घरे सहसा बुडत नव्हती. पण नव्वदच्या दशकात, आम्ही शाळेत होतो तेव्हा, एक-आकडी लॉटरी आली. नाव लॉटरीचे, चाल मटक्याची. स्टेशनबाहेरच्या टेबलांवर पगाराची पाकिटे फुटू लागली. शेवटी संसदेने १९९८ साली लॉटरी नियमन कायदा केला. त्यात एका आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई आहे आणि कोणत्याही लॉटरीची आठवड्याला एकापेक्षा जास्त सोडत होऊ नये असेही लिहिले आहे. कायदा करणाऱ्यांना रोग नेमका कळला होता, विष फेऱ्यांत आहे हे! मात्र नावे निराळी ठेवून अनेक लॉटऱ्या काढल्या की अक्षर पाळले जाते आणि सोडत रोज होते, हे धंदेवाल्यांनाही कळले.

सभांमधून आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेत जुगाराला जागा कशी? राज्यसूचीत 'पैज आणि जुगार' अशी नोंद आहे, ३४ व्या क्रमांकावर. १९४९ साली संविधान सभेत काही सदस्यांनी ही नोंद काढून टाका, ती आपल्याला शोभत नाही, असा आग्रह धरला होता. बाबासाहेबांचे उत्तर वकिलाचे होते. नोंद आहे म्हणजे जुगाराला मान्यता नव्हे, त्याच नोंदीच्या आधारे राज्याला बंदीही घालता येते. नोंदच काढली तर राज्ये हतबल होतील आणि जुगारावर कुणाचेच नियंत्रण उरणार नाही. तुम्हाला जुगार मुळीच नको असेल तर तो गुन्हा ठरवणारे कलम घटनेत आणा, असेही त्यांनी सुनावले. तसे कलम कोणी आणले नाही.

पुढे १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई राज्यातल्या बक्षीस-कोड्यांच्या प्रकरणात, जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नाही, असे स्पष्ट सांगितले. पण जिथे कौशल्य मुख्य आहे तो खेळ जुगारात मोडत नाही, ही फटही तिथेच राहिली. १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरला. १९९६ साली घोड्यांची शर्यत. या दोन निकालांच्या खांद्यावर बसून मोबाईलवरचा अख्खा धंदा उभा राहिला. रमीच्या निकालाचा दुसरा भाग मात्र कंपन्यांच्या जाहिरातीत कधी आला नाही. खेळ चालवणारा क्लब जर त्या खेळातून नफा कमावत असेल तर तो गुन्हा होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले होते.

कौशल्याबद्दल आम्ही थोडे बोलतो, कारण तरुण पोरे याच शब्दावर भांडतात. "दादा, हा जुगार नाही, स्किल आहे." असेलही. रमी चांगली खेळणारा वाईट खेळणाऱ्याला हरवतो, मान्य. पण दोघे खेळत असताना मालक प्रत्येक डावातून आपला वाटा काढतोच. दोघांचे कौशल्य सारखे असेल तर शंभर डावांनंतर दोघेही रिकामे आणि मालक भरलेला.

आमच्या वस्तीतील पार्सल पोचवण्याचे काम करणारा एक तरुण आपले पासबुक घेऊन आमच्याकडे आला होता. आला म्हणजे आईने आणला. तिने बचत गटातून 'गाडी दुरुस्तीसाठी' म्हणून तीस हजारांचे कर्ज काढले होते आणि दोन हप्ते थकले होते. किती हरलास, असे विचारल्यावर तो म्हणाला, पंधरा-वीस हजार. आम्ही त्याच्यासमोर एकेक नोंद वहीत उतरवली. एका बाजूला भरलेले, दुसऱ्या बाजूला आलेले. ४९ रुपये, ९९ रुपये, २०० रुपये, बहुतेक रात्री अकरा ते एकच्या दरम्यान. अकरा महिन्यांत भरलेले एक लाख अडतीस हजार आणि परत आलेले एकेचाळीस हजार. तो बेरीज दोनदा तपासायला लागला. खोटे बोलत नव्हता बिचारा! जिंकलेले सहा-सात मोठे डाव त्याला तारखेनिशी पाठ होते. ४९ रुपये कोण लक्षात ठेवतो? आई मात्र एक शब्द बोलली नाही. तिने वही जवळ ओढली आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिली.

या काळात सरकार काय करत होते? कर घेत होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा खेळांत भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरी, कॅसिनो, शर्यतीवरील पैजा यांवर तो ४० टक्के झाला. कर चढवला म्हणजे जुगाराला शिक्षा झाली असे कानाला वाटते. पण भरतो कोण? वर काढलेल्या हिशेबात एक रुपयाची कपात होती. कर त्यात मिळवला की फेरी आणखी महाग होते आणि खेळणारा आणखी लवकर बुडतो. ज्याच्या बुडण्यातून महसूल मिळतो त्याला वाचवण्याची घाई खजिन्याला कशी असेल?

गोव्याचे उदाहरण पाहा. तिथे १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार कायदेशीर झाला, नंतर मांडवीत कॅसिनोची जहाजे उभी राहिली. आणि २०२० साली त्याच सरकारने खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. आपली पोरे नकोत, दुसऱ्यांची चालतील! महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्दही केला. पर्यटन वाढेल, नोकऱ्या मिळतील म्हणून तो जिवंत करावा अशी मागणी अधूनमधून होत असे. नोकऱ्या कोणाला आणि कसल्या, हे मागणाऱ्यांनी कधी सांगितले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र केंद्राने मोठे पाऊल उचलले. पैसे लावून खेळायचे सारे ऑनलाईन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, कायद्याने बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. देशाच्या क्रिकेट संघाच्या छातीवर तोपर्यंत ड्रीम इलेव्हन हे नाव होते, ते उतरले. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांचा एक मुद्दा असा की जुगार हा राज्यांचा विषय, केंद्राने कायदा केलाच कसा? म्हणजे बाबासाहेबांनी बंदीचे हत्यार म्हणून राखलेली नोंद बंदीविरुद्ध ढाल म्हणून पुढे करण्यात आली. आम्हाला या कायद्यात आवडली ती एकच गोष्ट. त्याने कौशल्य की नशीब हा वाद बाजूला ठेवला. लॉटरीचे टेबल, रेसकोर्स आणि जहाजे मात्र त्याने जागच्या जागी ठेवली.

घरात कोणी या फासात असेल तर भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तेव्हा पोलिसांकडे जाताना भिऊ नये. बंदीनंतरही परदेशातून चालणाऱ्या एखाद्या ॲपने पैसे लुबाडले तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. सावकारी ॲपचे कर्ज काढून जुगाराचे कर्ज फेडू नये. मुलगा रात्र रात्र जागत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात.

आमच्या बचत गटापुढे आम्ही एक सूचना ठेवली होती. दहा हजारांवरील कर्ज मागणाऱ्या बाईने घरातल्या कमावत्या माणसांची तीन महिन्यांची पासबुके दाखवावीत. दोन बैठका वादात गेल्या. आमची पोरे काय चोर आहेत का, असा सूर निघाला, आणि तो राग चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाकडे जो तो पुरावाच मागतो. तिसऱ्या बैठकीत गटाच्या अध्यक्षाबाईंनी काही न बोलता पिशवीतून एक पासबुक काढून सतरंजीवर ठेवले. ते त्यांच्या स्वतःच्या थोरल्या मुलाचे होते. ठराव मंजूर झाला. आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही वही आणि दोन रंगांची पेने घेऊन बसतो.