नाव आणि नमुना

सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे घालविलेल्या अण्णांना हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी रोज चालावयास सांगितले. मुलाकडे पुण्यास मुक्काम हलविल्यावर एका स्नेह्याने त्यांना येरवड्याच्या गोल्फ मैदानावर नेले. नुसत्या चालण्याचा कंटाळा करणारे अण्णा चेंडूच्या मागे मात्र आनंदाने मैलोगणती चालू लागले. अडचण एकच होती. चेंडू झाडीत हरवत, पाण्यात बुडत आणि नामांकित कंपनीचा नवा डझन घेताना त्यांचा व्यापारी जीव कासावीस होई.

अशात एका तरुण विक्रेत्याने अपरिचित कारखान्याच्या चेंडूंचा खोका त्यांच्यापुढे ठेवला. किंमत निम्म्याहून कमी होती. अण्णांनी खोका न उघडताच परत केला. "हे नाव कधी ऐकले नाही," एवढेच ते म्हणाले.

सायंकाळी जेवताना त्यांनी ही हकीकत सहज सांगितली. काकींनी वाढता वाढता विचारले, "अहो, आपल्या हळदीच्या पुड्यांचे नाव तरी त्या वेळी कोणी ऐकले होते?"

अण्णांचा घास हातातच राहिला. तरुणपणी हळदपुडीची पिशवी घेऊन ते मुंबईत दुकानोदुकानी हिंडले होते. पुडा न फोडताच लोक तो परत करीत. अखेर दादरच्या एका वाण्याने पुडा फोडला, चिमूटभर हळद तळहातावर चोळली, वास घेतला आणि पाच किलोंची मागणी दिली. पेढी उभी राहिली ती त्या चिमटीवर.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्या तरुणास शोधून एक डझन चेंडू घेतले. नियमानुसार चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमहून अधिक नसावे आणि व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी नसावा. मान्य चेंडूंची यादी या खेळाच्या नियामक संस्था प्रसिद्ध करतात. तीत या कारखान्याचे नाव होते. पण यादीने चेंडू नियमात बसतो एवढेच कळते. हाती आलेला प्रत्येक नग कसा आहे, हे ज्याचे त्याने पाहावे लागते.

पुतण्याच्या सराफी दुकानातील काट्यावर बाराही चेंडू मर्यादेत उतरले. हळकुंड मोडून आतला रंग पाहता येतो. चेंडू मोडावा कसा? त्यासाठी जुन्या खेळाडूंची एक युक्ती आहे. अण्णांनी लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ विरघळविले. साध्या पाण्यात बुडणारा चेंडू त्यात तरंगू लागला. वर आलेल्या भागावर खूण करून त्यांनी चेंडू फिरविला. दर वेळी तीच खूण वर आली, तर एक बाजू जड समजावी. अकरा चेंडू निर्दोष निघाले. बारावा मात्र पुनःपुन्हा त्याच खुणेवर येऊन थांबे.

ही पारख पाहणाऱ्या नातवाने एक गोष्ट सांगितली. 1930 च्या दशकात अमेरिकेत रबराच्या व्यवसायातील फिल यंग यांचा फटका हुकला. दोष आपला की चेंडूचा, हे पाहण्यासाठी त्यांनी चेंडूंचे एक्स-रे काढविले, तेव्हा कित्येकांचा गाभा मध्यावर नसल्याचे दिसले. त्यातूनच 1935 मध्ये त्यांच्या कंपनीचा टायटलिस्ट चेंडू बाजारात आला. आज जगभर गाजणारे ते नावही कधीकाळी नवखेच होते.

अण्णांनी तरुणास फोन करून बाराव्या चेंडूचा दोष सांगितला. त्याने वाद घातला नाही, सबबही सांगितली नाही. "बदलून देतो. तो मात्र परत द्या, काका. कारखान्यात कापून पाहायला हवा," तो म्हणाला.

अण्णांनी आणखी दोन डझनांची मागणी नोंदविली आणि त्याच संध्याकाळी आपल्या वहीत त्या तरुणाच्या नावाने नवे खाते उघडले.